उभ्यानं जेवणारी ठिणगी

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला आणि म्हणाले, "मेगाइसोफेगस."

त्यातला अर्धा शब्द मला येत होता. मी चौथी शिकलेला माणूस. उभा जन्म उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये, लोखंडाच्या सळया काढण्यात गेला. इंग्रजी येत नाही, पण इसोफेगस म्हणजे अन्ननलिका हे मला माहीत आहे. माझी बायको सिंधू त्याच नळीच्या कॅन्सरनं गेली.

मेगा म्हणजे मोठी, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते मूळचे भंडाऱ्याचे, म्हणून या हिंदी मुलखातही माझ्याशी मराठीत बोलत. म्हणाले, "आपण घास गिळला की नळी त्याला ढकलत ढकलत पोटात नेते. हिची नळी ढकलतच नाही. इलॅस्टिक गेलेल्या मोज्यासारखी सैल पडली आहे. घास तिथंच साचतो आणि कुत्रं खाली वाकलं की तोंडातून परत येतो."

मी विचारलं, बरी होईल का?

"याला औषध नाही. अजून लहान आहे, वाढत्या अंगाबरोबर थोडी सुधारेल किंवा नाहीही सुधारणार. सांभाळलं तर जगेल."

सांभाळलं तर. हे दोन शब्द मी आधीही एका दवाखान्यात ऐकले होते. आम्ही सांभाळलं होतं.

आणि जिच्याविषयी हे सगळं चालू होतं ती टेबलावर उभी राहून डॉक्टरांच्या खिशातला पेन दातांनी ओढून राहिली होती.

हे लिहून राहिलो ते अशासाठी, की कोणाच्या घरी असं जनावर आलं तर त्यानं मी चुकलो तिथं चुकू नये. माझं लिहिणं शाळेतल्यासारखं नाही. जसं बोलतो तसं लिहितो.

ती माझ्याकडे आली रश्मीमुळे. रश्मी आमच्या भनपुरीच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात राहते. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी, लग्न झालेली, चाळिशीची बाई आहे. रस्त्यावरची दुखणाईत कुत्री उचलून दवाखान्यात नेणं हा तिचा उद्योग. सिलतऱ्याच्या एका कारखान्याच्या गेटवर तिला ही दिसली. गार्ड लोक पोळ्या टाकत, ही खाई, ओकून टाकी, तेच पुन्हा खाई. कोळशाच्या धुळीनं काळी झालेली. तीन पाणी अंघोळ घातली तेव्हा कळलं की रंग बदामी आहे.

रश्मी तिला घेऊन माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "अंकल, थोड़े दिन रख लो. फॉस्टर." फॉस्टर म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत दुसऱ्याचं जनावर सांभाळायचं. पाळायचं नाही, सांभाळायचं.

मी म्हटलं, मला कुत्र्याबित्र्याची आवड नाही.

"आवड किसको चाहिए अंकल, जगह चाहिए."

आमचं बोलणं चालू असताना ती कुत्री माझ्या पायांमधून घरात शिरली, सिंधूच्या दिवाणावर चढली आणि सिंधूची चप्पल तोंडात धरून आमच्याकडे पाहत बसली. ती चप्पल दिवाणाखाली होती. मी सिंधू गेल्यापासून ती तिथून हलवली नव्हती.

दया आली म्हणून मी तिला ठेवलं नाही. घरात आवाज नव्हता म्हणून ठेवलं. टीव्हीचा आवाज आवाजात धरत नाहीत.

नाव मी ठेवलं, ठिणगी. मिलमध्ये लाल सळई रोलात शिरताना ठिणग्या उडतात. कुठं जाऊन पडतील सांगता येत नाही, माणूस नुसता अंग चोरतो. ही तशीच. आता दारात, आता ओट्यावर, आता शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या चादरीत. रश्मीला ठिणगी म्हणता येत नाही. ती टिंगी म्हणते. कुत्री दोन्हीला येते.

पहिल्या दिवशी मी तिला दुधात पोळी चुरून दिली. तिनं ताटली चाटून पुसून घेतली. थोड्या वेळानं मान खाली केली आणि सगळं जसंच्या तसं बाहेर आलं. मला वाटलं, हावरटपणा आहे, कमी दिलं पाहिजे. कमी दिलं तरी तेच. पाणीसुद्धा परत यायचं.

इथं एक गोष्ट समजून घ्या. उलटी वेगळी आणि हे वेगळं. उलटी होताना कुत्र्याचं पोट आतबाहेर होतं, ते अवघडतं, आवाज करतं. यात तसं काही होत नाही. लोटा कलंडावा तसं अन्न येऊन पडतं, पचलेलं नसतं, वास नसतो. डॉक्टर याला रिगर्जिटेशन म्हणतात. हे दिसलं तर पोट बिघडलं म्हणून घरगुती औषधं देत बसू नका. एक्स-रे काढा. हिचा काढताना आधी बेरियम नावाचं खडूच्या पाण्यासारखं औषध पाजलं. ते नळीत कुठं अडकतं ते एक्स-रेत पांढरं दिसतं. हिच्या छातीत पांढरी पिशवी दिसत होती.

उपाय एकच होता. कुत्रीनं माणसासारखं ताठ बसून जेवायचं आणि जेवल्यावर अर्धा तास तसंच बसून राहायचं. नळी ढकलत नाही तर अन्न आपल्या वजनानं खाली उतरू द्यायचं. डॉक्टरांनी मोबाईलवर फोटो दाखवला, परदेशातलं एक कुत्रं लहान पोरांच्या उंच खुर्चीत बसलेलं. मी पाहिलं आणि म्हटलं, हे मी बनवतो.

घरात पाण्याचा निळा ड्रम होता. तो अर्धा कापला, कडा घासल्या, समोर ताटली ठेवायला फळी बसवली. आत सिंधूची गोधडी घातली. पुढून बांधायला माझा मिलमधला चामडी पट्टा. पहिल्यांदा बसवली तेव्हा ती ड्रमसकट आडवी झाली. मग मी खाली विटा लावल्या. नंतर नंतर मिक्सरचा आवाज आला की ती स्वतःच उडी मारून ड्रममध्ये जाऊन बसायची आणि मान उंच करून ओरडायची, उशीर काहून लावला म्हणून.

भात, डाळ, अंडं, सगळं मिक्सरमधून काढून पेजेसारखं करायचं. पाणीही खुर्चीतच. घरात जमिनीवर एक वाटी ठेवायची नाही. झोपताना मानेखाली उशीची वळकटी.

खाणं सोपं होतं. बसून राहणं कठीण होतं. जिला एक क्षण एका जागी उभं राहता येत नाही तिला अर्धा तास बांधून ठेवायचं. मी समोर स्टुलावर बसायचो, तिचे पुढचे दोन्ही पाय हातात धरायचो आणि बोलायचो. काय बोलायचं माणसानं कुत्र्याशी? मिलमधल्या गोष्टी सांगायचो. कोणत्या फोरमनला कोण काय म्हणायचं ते. ती माझी हनुवटी चाटायची. तेवढ्यात अन्न उतरायचं.

आणि मी पेज ज्या गाळणीनं गाळायचो ती सिंधूची होती. तिची म्हणजे तिच्या आजारपणातली. शेवटी शेवटी तिच्या नाकातून नळी घातली होती आणि मी वरण गाळून त्या नळीतून सोडायचो. तोंडानं काहीच नाही. एकदा म्हणाली, "मले एक वडा तळून दे. खात नाही. नुसता हुंगते." मी तळला. तिनं तो हातात घेऊन थंड होईपर्यंत हुंगला आणि मग मला दिला. म्हणाली, मीठ बरोबर आहे.

हे मी पुढच्या गोष्टीसाठी सांगून राहिलो.

पितृपक्ष आला. नवरा जिवंत असताना जी बाई जाते तिचं पान आमच्यात नवमीला वाढतात, अविधवा नवमीला. एका सवाष्णीला जेवायला बोलावतात आणि गेलेलीचं पान गच्चीवर नाहीतर अंगणात ठेवतात. कावळा शिवला की तिला पोचलं. वर्षश्राद्ध झाल्यावरची सिंधूची ही पहिली नवमी होती. गोंदियाहून माझी धाकटी बहीण शांता स्वयंपाकाला आली.

शांता माझ्याहून लहान, पण बोलायला मोठी. अंगणात पाय ठेवताच तिनं ड्रम पाहिला. म्हणाली, "कुत्रीले खुर्ची अन् मी आली तर पाटावर." मी तिला आजार समजावून सांगितला. ती हव हव करत ऐकत होती, पण तिचं लक्ष चण्याच्या डाळीकडे होतं.

तिनं पुरण केलं, खीर, कढी, भजे आणि वडे केले. वड्याचा वास घरभर झाला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

सवाष्ण म्हणून मी रश्मीला सांगितलं होतं. तिला ऑफिसमधून निघायला उशीर झाला. पान गच्चीवर नेऊन ठेवलं. कावळा येईना. भनपुरीत ट्रकांच्या गर्दीत कावळे कमी झालेत, आहेत ती कबुतरं. शांता आकाशाकडे पाहून हाका मारून राहिली होती, "वहिनी, ये वं. घे. काय राहिलं तुझं?" घरात कोणी जेवलेलं नाही, ऊन डोक्यावर. मी म्हटलं, तिचं काही राहिलेलं नाही, कावळेच राहिले नाहीत. शांता रागानं पाहत खाली गेली.

खाली अंगणात ठिणगी ड्रममध्ये होती. तिची पेज मी दिली होती आणि बसायचा वेळ चालू होता. ती वासानं वेडी होऊन ओरडत होती. शांतानं पट्टा सोडला. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. नंतर म्हणाली, वहिनीच्या दिवशी मुकं जनावर बांधलेलं मले पाहवलं नाही.

मला जिन्यावर नखांचा आवाज आला आणि ठिणगी गच्चीवर. सरळ पानाकडे. पहिला वडा तिनं उचलला तेव्हा मी पानापासून दोन हातांवर उभा होतो.

मागून शांता आली. तिनं पाहिलं आणि हात जोडले. म्हणाली, "थांब दादा. हाकलू नको. वहिनी कुत्र्याच्या रूपानं आली."

पितरांच्या दिवशी कुत्र्यालाही घास ठेवतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कुत्र्यानं खाल्लं तर चालतं. पण ही कुत्री कोणती, हेही मला माहीत होतं. जमिनीवर वाकून खाणं म्हणजे तिच्यासाठी काय, हे मला शांतापेक्षा आणि रश्मीपेक्षाही जास्त माहीत होतं. मी तरी उभा राहिलो. ती वडे खाऊन राहिली होती, एकामागून एक, मग खीर, मग पुरण. जिनं एक वडा हुंगून परत दिला होता तिचं पान कोणीतरी पोटभर खात होतं. मला तेव्हा शब्द सुचला नाही, असं मी इथं लिहू शकलो असतो. शब्द सुचला होता. मी बोललो नाही.

रश्मी तेवढ्यात आली. सवाष्ण म्हणून नवी साडी नेसून, टिकली लावून. गच्चीच्या दारात ती थांबली. पान पाहिलं, कुत्री पाहिली, मला पाहिलं.

"अंकल, नीचे रख के खिला दिया?"

तिनं धावत जाऊन ठिणगीला उचललं आणि खांद्याशी उभी धरली, तान्ह्या पोराला ढेकर काढायला धरतात तशी. उशीर झाला होता. साडीवर सगळं परत आलं. ते येता येता ठिणगी खोकली. आणखी खोकली. खाली ठेवली तर मान लांब करून उभी राहिली, पळाली नाही. ठिणगी आणि पळाली नाही.

रात्रीपर्यंत ताप आला. सकाळी बरगड्या भात्यासारख्या चालत होत्या.

डॉक्टरांनी छातीला तपासायची नळी लावली, एक्स-रे काढला आणि म्हणाले, "एस्पिरेशन न्यूमोनिया." म्हणजे जे पोटात जायचं ते श्वासाच्या नळीनं फुफ्फुसात गेलं. या आजारात कुत्री उपाशी राहून कमी मरतात, यानं जास्त मरतात. मग त्यांनी विचारलं, जमिनीवर कोणी खायला दिलं?

"मी," शांता म्हणाली.

"मी," मी म्हणालो.

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं. "दोघांनी मिळून दिलं का?" त्यांनी रागावून म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. ते थकून म्हणाले. "खोटं आश्वासन देत नाही. तेल आणि दूध दोन्ही आत गेलं आहे. ऑक्सिजनवर ठेवतो. वाचेल असं मी आज म्हणणार नाही."

तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पायात सलाईन, त्यातून इंजेक्शनं. आम्ही बाहेर बाकावर. मला दवाखान्याच्या बाकांची सवय आहे. कॅन्सरच्या दवाखान्यातल्या बाकावर कोणी कोणाशी बोलत नसे. इथं शेजारी एक माणूस शेळी घेऊन बसला होता. शेळी शांताचा पदर खात होती आणि शांताला कळत नव्हतं.

शांतानं आदल्या दिवसापासून काही तोंडात घातलं नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "दादा, मेली तर पाप कोनाले लागन?"

मी म्हटलं, "पाप मोजाले बसलो नाही मी. ती श्वास घेऊन राहिली का ते पाह्य."

ती उठली आणि काचेजवळ जाऊन उभी राहिली. दुपारभर तिथून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचं परतीचं तिकीट होतं. ती गेली नाही. दवाखान्यात दिवसातून काही वेळा नेब्युलायझर देत. म्हणजे औषधाची वाफ नाकाशी धरतात, त्यानं छातीतला कफ सुटतो. वाफेनंतर छाती थोपटावी लागते. हाताचा द्रोण करून बरगड्यांवर खालून वर, हलकं. हे मला येत होतं. सिंधूच्या वेळी दवाखान्यातल्या मुलीनं शिकवलं होतं. मी शांताला दाखवलं. एका बाजूनं ती, एका बाजूनं मी. ठिणगी डोळे अर्धे मिटून उभी राहायची. अंग इतकं उतरलं होतं की हाताखाली फासळ्या मोजाव्यात. कंपाउंडर म्हणाला, आजी, तुम्हारा हाथ अच्छा है. शांता म्हणाली, पुरण वाटून वाटून झाला.

ताप उतरेना. मग एका सकाळी उतरला, संध्याकाळी पुन्हा चढला. डॉक्टर रोज एकच बोलत, अजून काही सांगता येत नाही. मी रोज एकच विचारत होतो. माणूस दवाखान्यात मूर्ख होतो, हे ज्यांना अनुभव आहे त्यांना माहीत असेल.

रश्मी ऑफिसमधून सुटून यायची. ती मला एक शब्द बोलली नाही. मी तिला म्हटलं, बोलून टाक. ती म्हणाली, "क्या बोलूँ अंकल. मैंने भी तो देखा, आप कैसे खड़े थे."

चार-पाच दिवस गेले असतील. एक दिवस आम्ही पोचलो तर डॉक्टर दारातच उभे. माझे पाय थांबले. त्यांनी हात वर केला. हातात नेब्युलायझरचा मास्क होता, चावून चिंध्या केलेला. म्हणाले, "घरी न्या हिला. मला आता परवडत नाही."

शांता दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि तिनं इतक्या दिवसांत तिथं पहिल्यांदा चहाबरोबर बिस्किट खाल्लं.

घरी आलो. मी ठिणगीला ड्रममध्ये बसवलं. शांता अंगणात उभी राहून म्हणाली, अमावस्या अजून गेली नाही, वहिनीचं पान पुन्हा वाढून देऊ. त्या दिवशीचं तर सगळं ओकून निघालं. तिला पोचलं नसेल.

मी म्हटलं, "शांता, सिंधू जेवलीच नाही. कुत्री जेवली."

एवढंच. साधं वाक्य आहे. पण ते तोंडातून निघालं आणि मला रडू आलं. सिंधू गेली त्या दिवशी आलं नव्हतं, दहाव्याला नाही, वर्षश्राद्धाला नाही. लोक म्हणत, म्हातारा दगड आहे. ठिणगी खुर्चीत बांधलेली आणि मी तिचे पाय धरून तिच्यासमोर रडून राहिलो. तिला वाटलं नवीन खेळ आहे. तिनं माझं तोंड चाटून काढलं.

तोपर्यंत मी काय करून राहिलो होतो ते मला तेव्हा कळलं. तीच गाळणी, तीच पेज, तीच नळी. मी कुत्री सांभाळत नव्हतो. सिंधूला पुन्हा एकदा सांभाळून पाहत होतो, या वेळी वाचते का म्हणून. आणि त्यापायी एक जिवंत जनावर मारत होतो. कोणाचं माणूस गेलं असेल आणि त्यानंतर घरात आजारी जीव आला असेल तर हे एक स्वतःला विचारा. औषध सगळे सांगतात, हे कोणी सांगत नाही.

दिवाळीनंतर रश्मीनं भिलाईचं एक घर आणलं. एक बाई आणि त्यांचा रिटायर्ड नवरा, मागं मोठं अंगण, पेरूची झाडं. त्यांच्याकडे आधी याच आजाराचं कुत्रं होतं, म्हणजे त्यांना शिकवायचं काही नव्हतं. उलट बाईंनी मला शिकवलं, पाणी थोडं घट्ट, कांजीसारखं करून दिलं तर परत येत नाही. तसं केलं आणि खरंच कमी झालं.

रश्मीनं विचारलं, "अंकल, आप ही रख लो ना. अब तो आपकी है."

माझी नाही, मी म्हटलं. ठिणगी अजून दहा-बारा वर्षं जगायची आहे. माझ्याकडे तेवढी नाहीत. आणि जिन्यावरून तिला उचलताना मला दम लागतो. मी पडलो तर ती ड्रममध्ये बांधलेली राहील. तिला पळायला अंगण पाहिजे आणि जेवल्यावर कोणीतरी धडधाकट समोर बसायला पाहिजे. सांभाळायला दिली होती, सांभाळली. एकदा मारता मारता सांभाळली, पण सांभाळली.

रश्मीच्या गाडीत मागच्या सीटवर ड्रम आणि पुढं माझ्या मांडीवर ठिणगी. भिलाईत गाडीचं दार उघडलं तशी ती गेली. अंगणाला दोन फेऱ्या, तीन फेऱ्या, पेरूच्या झाडाला धडक, पुन्हा फेऱ्या. मी निघताना तिला हाक मारली नाही. तिनंही पाहिलं नाही. तिला काम होतं.

घरी आलो. ड्रम होता तिथं अंगणात चार विटांचे ओले चौकोन राहिले होते. बरेच दिवस मिक्सर लावायला हात जाईना. मिक्सर लावला की कोणीतरी ओरडेल असं वाटायचं आणि कोणी ओरडायचं नाही. सिंधूची चप्पल मी तेव्हाच काढून टाकली. एक पट्टा ठिणगीनं चावला होता, तशीही ती जोडी राहिली नव्हती.

त्या डॉक्टरांचे मी आभार मानतो. त्यांनी मला कधी गोड बोलून फसवलं नाही. रश्मीचे मानतो, ती एकदा म्हणाली ते पुन्हा म्हणाली नाही. शांतानं तिकीट फाडलं आणि मुकाट्यानं छाती थोपटली, तिचे मी तोंडावर मानणार नाही, ती डोक्यावर बसेल.

यंदाच्या नवमीला शांता आली. या वेळी तिनंच विचारलं, "त्या पोट्टीले काय चालते?" मी डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं. साधं वरण-भात, मीठ नाही, फोडणी नाही. शांतानं सिंधूचं पान वाढलं, वडे, खीर, सगळं. गच्चीवर ठेवलं आणि मी जिन्याचं दार लावून घेतलं. कावळा आला की नाही ते आम्ही पाहत बसलो नाही. वेगळ्या पातेल्यातला वरण-भात तिनं मिक्सरमधून काढला, गाळला, डब्यात भरला आणि आम्ही लोकल पकडून भिलाईला गेलो.

ठिणगी अंगानं भरली आहे. नळी थोडी सुधारली असं तिथले डॉक्टर म्हणतात, थोडीच. डबा पाहिला तशी ती पळत जाऊन निळ्या ड्रममध्ये बसली आणि मान उंच करून ओरडली. मी पट्टा बांधला. शांतानं वाटी धरली. ठिणगीनं सगळं खाल्लं. मग मी समोर स्टुलावर बसलो, तिचे पाय हातात घेतले. बोललो काही नाही. शांता पदरानं डोळे पुसून राहिली होती, पण तिनं हात जोडले नाहीत.

अन्न उतरायचा वेळ झाला. भिलाईच्या बाई म्हणाल्या, "हो गया काकाजी, अब छोड़ दीजिए."

मी पट्टा सोडला.

ती गेली पेरूच्या झाडांकडे. मी स्टुलावर बसून ती पळताना पाहत राहिलो.